सहा दिवस, पाच रात्री

शेळगी, सोलापूर
२४ सप्टेंबर २०२५

अक्षता,

तुझा मेसेज मिळाला. चार शब्द. "मला कळवलं का नाही?"

नऊ वर्षांनी लिहिलंस आणि तेही असं, की उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही. फोनवर बोलायला मला जमणार नाही. तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून माईकवर ओरडलो. बार्शी, मोडनिंब, अक्कलकोट, गाडी फलाटाला लागली आहे. तेव्हा अख्खं स्टँड ऐकायचं आणि माझं काही अडायचं नाही. पण पलीकडं एकच माणूस गप्प बसून ऐकतंय म्हटलं की घसा बसतो. म्हणून पत्र. पत्ता शेजारच्या राजेश्वरीबाईंनी दिला. सोमवारी मी देवळात गेलो की त्यांच्या फोनवरून तुम्हा मायलेकींचं बोलणं चालायचं, हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. देवळात मी मुद्दाम उशीर करायचो. हे तिला कधी सांगितलं नाही, तुला सांगतो.

तर कळवलं का नाही. कळवायचा प्रयत्न केला. दवाखान्यातून तीनदा फोन केला, लागला नाही. तुमच्या तिकडं समुद्रात नेटवर्कचं काही खरं नसतं म्हणतात. राजेश्वरीबाई त्या दिवसांत लेकीकडं बार्शीला होत्या. आल्यावर त्यांनी लावला, तर त्यांनाही आठवडाभर तुझा फोन लागत नव्हता. विचार त्यांना. मी एकटाच खोटा नाही.

आठ तारखेला, सोमवारी सकाळी, सिद्धम्मा भाकरी थापत होती. परातीतला उजवा हात उचलेना. "वो, हात झोपला बघा," म्हणाली आणि हसली. तव्यावरची भाकरी करपली तरी ही उभीच. मग मी धावलो. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. तीन दिवस काढले. गुरुवारी दुपारी गेली.

त्याच संध्याकाळी नेलं. थांबला का नाहीत म्हणशील. आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात हे तुला सांगायला नको. अंग आखडायच्या आत मांडी घालून बसवावं लागतं. अंदमानहून सोलापूर म्हणजे दोन विमानं आणि वर एक रेल्वे, किती ओढलं तरी दीड दिवस. हे गणित मी तिथं दवाखान्यात खुर्चीवर बसूनच घातलं होतं.

आता एक सांगतो. ज्वारीच्या डब्यामागं तिची वही सापडली. आत टूरवाल्यांची पत्रकं, दरवर्षीचं एक. अंदमान, सहा दिवस पाच रात्री. खाली तिच्या हाताचं, निम्मं कानडीत, निम्मं मराठीत. पहिल्या दिवशी तुरुंग. दुसऱ्या दिवशी हॅवलॉक, "बोटीत उलटी हुती म्हणं, लिंबू घेणे." चौथ्या दिवशी नील बेटावरचा दगडाचा पूल, "ओहोटी बघून जाणे, भरतीला कळत न्हाई." सोलापूरच्या बाहेर पंढरपूर आणि कुडलसंगम सोडून काही न बघितलेल्या बाईला भरती-ओहोटी कुणी शिकवली? तूच की. दर सोमवारी.

दर जानेवारीत गड्ड्याची जत्रा संपली की ती नवीन पत्रक माझ्यापुढं ठेवायची. मी म्हणायचो, "काय बघायचंय तितं? पाणीच की. उजनीला चल, धरण भरलंय." ती हसायची आणि पत्रक उचलून न्यायची. ती समुद्र बघायला निघाली नव्हती हे मला कळू नये एवढा काही मी खुळा नाही.

अजून एक गोष्ट लिहायची आहे. आज हात चालत नाही.

विरुपाक्ष


शेळगी
१९ ऑक्टोबर २०२५

अक्षता,

पत्र मिळालं का नाही काही कळवलं नाहीस. स्पीड पोस्टाची पावती आहे, तुझ्या दारात पाच तारखेला पोचलंय. हरकत नाही. या वर्षी घरात दिवाळी नाही, वेळ आहे, लिहितो.

ती दुसरी गोष्ट.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात तू त्या यादगिरीशी रजिस्टर लग्न करून आलीस. दारात उभी राहिलीस. तो खाली रिक्षात बसला होता. मी काय बोललो ते मी विसरलेलो नाही आणि तूही विसरली नसशील. मागाच्या फिटरशी, साळ्याच्या पोराशी लग्न केलंस, आता गळ्यातलं लिंग काढून ठेव आणि जा, तू आम्हाला मेलीस. तू दोरा डोक्यावरून काढलास आणि लिंगाची चांदीची डबी उंबऱ्यावर ठेवलीस. मला वाटलं होतं तू रडशील, पाया पडशील. तू वळून गेलीस.

ती डबी सिद्धम्मानं उचलली. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की आधी स्वतःचं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, मग तुझं घेऊन पूजा. नऊ वर्षं. देव्हाऱ्यात तुझी डबी, तिच्या गळ्यात तिची. डब्या दोन्ही एकाच सोनाराकडच्या, एकाच मापाच्या. तुला दीक्षा दिली तेव्हा तिनंच हट्टानं तिच्यासारखी घडवून घेतली होती.

दवाखान्यात मोठ्या मशीनमध्ये घालताना अंगावरचं सगळं काढा म्हणाले. मंगळसूत्र, जोडवी, लिंग. रुमालात बांधून मी घरी आणलं आणि डबी देव्हाऱ्यात ठेवली. तुझ्या डबीशेजारी.

गुरुवारी तिला बसवली. कपाळाला विभूती लावली, हार घातला. सिद्धराम स्वामी म्हणाले, "विरुपाक्षप्पा, तिचं लिंग आणा. हातात द्यायचं." मी आत गेलो. माणसं भरलेली, कुणी पाणी मागतंय, कुणी टेम्पो आला म्हणतंय. मी हात घातला आणि डबी आणली. स्वामींनी लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं, वरून बोटं मिटली. मग खाली खड्ड्यात उतरवली, विभूती ओतली, माती लोटली.

तिसऱ्या दिवशी मी देव्हाऱ्यातली उरलेली डबी उचलली. दोऱ्याला सेफ्टी पिन होती. तुझ्या अव्वाला सवय होती, मंगळसूत्राला पिन, दोऱ्याला पिन, वेळेला कुणाची चप्पल तुटली तर काढून द्यायला. म्हणजे हे तिचं. आणि जे तिच्या हातात गेलं ते तुझं.

आयुष्यभर नांदेडची गाडी बार्शीच्या फलाटाला लावली नाही मी. आणि हे केलं.

मी धावत स्वामींकडं गेलो. म्हणालो, उघडू या. ते म्हणाले, "समाधी उघडत न्हाईत. पोरीचं लिंग आईच्या हातात हाय, वाईट काय झालं? आता आईचं पोरीच्या हातात द्या. बिनालिंगाचं ठिवू नका तिला." हे त्यांचं मोठेपण. पण बाहेर ओट्यावर कल्लप्पा बसला होता, माझा चुलतभाऊ, तुला आठवत असेल, तोंडाचा फाटका. तो म्हणाला, "जित्या माणसाचं लिंग मातीत घातलं म्हंजे, दादा, तूच बोलला हुतास की. मेलीस म्हणून."

अक्षता, मी देवभोळा नाही. पण त्या दिवसापासून मला जेवण जात नाही. मी बोललो होतो ते माझ्याच हातानं पुरं झालं असं वाटतं. तुला काही झालं तर नाही ना, एवढंच रोज वाटतं. तू बरी आहेस एवढं कळव. शिव्या दे, पण कळव.

आणि मला येऊ दे. तिचं लिंग तुला द्यायला. पाच-सहा दिवसांची टूर आहे, तिच्या वहीतलीच. तुझ्यावर भार नाही, मी टूरवाल्यांबरोबर राहीन, जेवीन. तू फक्त कुठं भेटशील ते सांग.

विरुपाक्ष


शेळगी
१० नोव्हेंबर २०२५

अक्षता,

तुझी दोन उत्तरं आली. पहिलं, "मी बरी आहे. पोस्टाने पाठवा. यायची गरज नाही." दुसरं, चार दिवसांनी, मी काहीच लिहिलेलं नसताना, "येणारच असाल तर ओळखपत्र मूळ आणा. झेरॉक्स चालत नाही. जेटीवर एक तास आधी."

पहिलं वाचून मी देव्हाऱ्यापुढं बसून राहिलो. दुसरं वाचून राजेश्वरीबाईंच्या दारात गेलो आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ही काय माया हाय व्हय? ही तर सूचना हाय." त्यांना काय कळतंय. तीस वर्षं मी लोकांना सूचनाच दिल्या. म्हातारीला सांगायचो, गाडी सुटायला पाच मिनिटं आहेत, तंबाखू नंतर मळ. ती काय माया नव्हती?

पोस्टानं लिंग पाठवत नाहीत, हे तुलाही ठाऊक आहे.

आता बेत ऐक. नावं मी जुनीच लिहितो, सगळ्या बेटांची बदलली म्हणे, वहीत जुनी आहेत. चौदा माणसं आहेत आमच्या टूरला. सात जोडपी असणार होती. एका मास्तरांची बायको आजारी पडली, ते गळाले, त्यांच्या जागी मी आणि मोडनिंबचा एक धुळाप्पा म्हणून आडत्या, तोही एकटाच. आम्हा दोघांना एक खोली. तो घोरतो असं त्यानं आधीच सांगून टाकलं, माणूस सरळ आहे.

तीन डिसेंबरला पोर्ट ब्लेअर, तुरुंग. चारला सकाळच्या बोटीनं हॅवलॉक. पाचला राधानगरचा किनारा आणि तो हत्ती नावाचा किनारा, तिथं काचेचं तोंड लावून पाण्यात मासे दाखवतात म्हणे. वहीत लिहिलंय, "वय इचारत्यात, साठ सांगणे." सहाला नील, सातला माघारी, आठला विमान. टूरवाला म्हणतो नव्वद मिनिटांत हॅवलॉक. खरी किती लागतात? कागदावरची वेळ आणि रस्त्यावरची वेळ यातला फरक माझ्याइतका कुणाला ठाऊक नाही. समुद्रात गाडी लेट होते का? झाली तर प्रवासी कुणाला शिव्या देतात? तुलाच देत असतील. तू तिथं जेटीवर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीवर बसतेस असं राजेश्वरीबाई म्हणाल्या. मला हे नऊ वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं. पोरगी बापाच्याच धंद्यात गेली म्हणायची.

कडक भाकरी, शेंगाची चटणी घेतो. बाळीवेशीतल्या दुकानातली आणतो, घरची आता कोण करणार. तुझ्यासाठी वेगळं बांधू का, का तेही पोस्टानं पाठवू?

हे चेष्टेत लिहिलं. राग धरू नको.

पोहायला येत नाही, उलटी होते, गुडघा दुखतो. तरी येतो.

तुझा अप्पा


नील बेट
६ डिसेंबर २०२५, दुपार

चि. अक्षता,

सगळी मंडळी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायला गेली आहेत. मी खोलीच्या ओट्यावर बसून लिहितो. उद्या पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर हे तुझ्या खिडकीवर ठेवीन म्हणतो. समोर बोलणं झालं तरी काही सुटतंच.

परवा सकाळी जेटीवर काय झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते सांगतो. रांग मोठी होती. तुझा आवाज आधी आला. "पुढे या. ओळखपत्र हातात ठेवा. सामान डावीकडे." अगदी माझा आवाज. धुळाप्पा म्हणाला, "बाई लई कडक दिसतीय." मी टाचा उंचावून बघितलं. केस कापलेस. चष्मा लागला. डोळ्यांखाली काळं आलंय. माझ्या पुढं अकरा माणसं होती, मग सात, मग कुणी नाही.

तू वर न बघता म्हणालीस, "नाव?"

मी म्हणालो, "विरुपाक्ष मडिवाळप्पा."

"वय?"

"अडुसष्ट."

तरी वर बघितलं नाहीस. "ओळखपत्र." मला वाटलं होतं आल्या आल्या पाया धरावेत तुझे, लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. पण मागची रांग ढकलत होती. मी खिशात हात घातला आणि ओळखपत्राऐवजी डबी काढली.

तू डबी बघितलीस. दोऱ्याची पिन बघितलीस. मग हातातला पेन टाकलास आणि डावा हात पुढं केलास, तळवा वर. उजव्या हातानं लोकांची तिकिटं घेत होतीस, सगळ्यांची. हा तेवढा डावा. मी डबी ठेवली, तू मूठ मिटलीस, आणि म्हणालीस, "पुढचे." मी पुढं झालो. आणखी काय करणार, बोट सुटायची वेळ झाली होती.

बॅग न्यायला निळ्या कपड्यातला एक जण आला. बॅग त्यानं जागेपर्यंत आणली, मी हमाल समजून वीस रुपये दिले. त्यानं घेतले, कपाळाला लावले आणि खाली इंजिनाकडं उतरून गेला. बोट सुटल्यावर उतरतानाची ती पाठ आठवून डोक्यात प्रकाश पडला, अगं हा यादगिरी. नऊ वर्षांपूर्वी रिक्षात पाठमोरा बसला होता तेवढंच मी त्याला बघितलेलं. त्याला म्हणावं, मागावरची यंत्रं सोडून बोटीच्या यंत्रावर हात बसवणं खायचं काम नाही. आणि वीस रुपयांचं मनावर घेऊ नको म्हणावं.

काल राधानगरला तू येशील असं स्वप्नातही नव्हतं. मंडळी पाण्यात, मी झाडाखाली चपला राखत बसलेलो. तू शेजारी येऊन बसलीस. गळ्यात दोरा होता, पिनेसकट. मला धडपणे बघवेना. तू विचारलंस, "अप्पा, जेवलात का?" मी कडक भाकरीचं पुडकं पुढं केलं. तू वाळूत बसून चटणीभाकरी खाल्लीस, कडाकड, लहानपणी खायचीस तशी, आणि खाताना रडायला लागलीस.

मग तू जे बोललीस ते मी रात्रभर उगाळतोय. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुझा फोन जेटीवरून पाण्यात पडला. पगार व्हायचा होता, नवीन घ्यायला पंधरा दिवस लावलेस. "तुम्ही तीनदा फोन केलात, अप्पा. नऊ वर्षांनी केलात आणि माझा फोन समुद्राच्या तळाला. उसने पैसे घेऊन दुसऱ्या दिवशी घेतला असता तर अव्वाचा आवाज ऐकला असता. मी चालढकल केली. माझंच चुकलं."

मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. तू माझ्या खांद्यावर डोकं टेकलंस. तू विचारलंस, अव्वा शेवटी काय म्हणाली. मी म्हणालो, शुद्ध नव्हती.

पाचलाच दिवस मावळला. तुमच्याकडं लवकर मावळतो. तू परतीच्या बोटीला गेलीस, जाताना म्हणालीस, आता गड्डा झाला की दोघं येतो सोलापूरला.

आज सकाळी ओहोटीला दगडाचा पूल बघितला. पाणी सरलेलं, खालून चालत जाता आलं. वहीतलं एवढं तरी जसंच्या तसं झालं.

या, दोघंही या. मी वाट बघतो.

तुझा अप्पा


शेळगी, सोलापूर
१४ डिसेंबर २०२५

अक्षता,

घरी पोचल्यापासून तुझे रोज मेसेज येतात. औषध घेतलं का, गुडघा कसा आहे. कालचा मेसेज होता, "मला झोप लागत नाही, अप्पा. तो फोन सारखा डोळ्यांपुढं येतो." तो वाचून मी कागद घेतला. चार कागद फाडले. हा पाचवा.

मी फोन केला नव्हता.

लिहिलं एकदाचं. आता नीट सांगतो, कारण अर्धं सांगायची मला खोड आहे हे माझ्या पत्रांवरून तुझ्या लक्षात आलं असेल.

नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, ती चांगली शुद्धीत होती. तोंड थोडं वाकडं झालेलं, पण बोलणं कळत होतं. म्हणाली, "अक्षूला लावा की वो." तुझा नंबर माझ्या फोनमध्ये होता. नऊ वर्षांपूर्वी मी काढून टाकलेला, तिनं राजेश्वरीबाईंकडून परत घालून घेतलेला. मी तुझं नाव काढलं. ते हिरवं बटण दिसत होतं. ती माझ्याकडं बघत होती. मी फोन तसाच कानाला लावला.

माझ्या डोक्यात काय होतं सांगू? एवढंच होतं, की पहिला शब्द माझ्या तोंडून जायला नको. नऊ वर्षं धरून बसलेला हट्ट, तो दवाखान्यात सोडायचा? आणि वाटलं, ही बरी होऊन घरी येईल, मग तिच्याच हातानं लावू दे. माणूस मरणार आहे असं समोर दिसत असूनही वाटत नाही. पण हे मी स्वतःच्या बचावाला लिहायला लागलो, ते सोड.

ती म्हणाली, "काय म्हणती?"

मी म्हणालो, "रिंग वाजतीय. उचलत नाही."

लागत नाही म्हणता आलं असतं. बंद आहे म्हणता आलं असतं. माझ्या तोंडातून हे निघालं. का निघालं ते मी तीन महिने विचार करतोय. तुझ्यावर ढकलायचं होतं, दुसरं काय असणार. दुपारी तिनं परत सांगितलं, मी परत तसंच केलं. बुधवारी सकाळी तिसऱ्यांदा. तुला पहिल्या पत्रात लिहिलं ना तीनदा केला म्हणून, ते तीनदा हे. आकडा तेवढा खरा आहे.

मी बटण दाबलं असतं तर काय झालं असतं? तुझा फोन पाण्यात होता. ती बाई बोलली असती, आपण डायल केलेला क्रमांक बंद आहे. तुझ्याशी बोलावंही लागलं नसतं मला. आणि मी सिद्धम्माला म्हणालो असतो, अगं, बंद आहे तिचा फोन. खरं तेच सांगितलं असतं. ती मग राजेश्वरीबाईंची वाट बघत राहिली असती, पण लेक उचलत नाही असं समजून गेली नसती. एक बटण होतं.

राधानगरला तू माझंच चुकलं म्हणालीस तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण तू खांद्यावर डोकं टेकलंस. नऊ वर्षांनी लेकीचं डोकं खांद्यावर आल्यावर कुठला बाप बोलेल? हलक्या काळजाचा मी. मी गप्प बसलो आणि तुझ्या माथ्यावर हात फिरवत राहिलो. माझं पाप तुझ्या डोक्यावर ठेवून वरून हात फिरवला, असं म्हण.

तेव्हा आता त्या फोनचा विचार करू नको. तो तुझ्या हातात असता, चालू असता, उशाशी असता, तरी वाजला नसता. पंधरा दिवस लावलेस काय आणि एक दिवस लावलास काय. चूक एकाचीच आहे, आणि ती सोलापुरात घडली.

गड्ड्यानंतर येऊ नये असं वाटलं तर येऊ नको. मी विचारणार नाही. मेसेज नाही आला तरी औषध वेळेवर घेईन, त्याची काळजी नको. यादगिरीला हे सांग, लपवू नको. आपल्या घरात लपवालपवी माझ्यापुरती पुरे झाली.

आणखी एक राहिलं. तू विचारलंस, शेवटी काय म्हणाली, आणि मी शुद्ध नव्हती म्हणालो. बुधवारी तिसऱ्यांदा मी कानावरून फोन खाली घेतला तेव्हा ती पूर्ण शुद्धीत होती. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मला वाटलं हिनं ओळखलं. पण नाही. माझा हात धरून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. सारखं लावून तरास देऊ नगा लेकराला. चिडली असंल, तिचं काय चुकलं न्हाय. भेटली की सांगा तिला, अव्वा रागावली न्हाय."

त्यानंतर ती बोलली नाही.

तू भेटलीस. मी सांगितलं नाही. आता सांगतो, अक्षू. तू उचलत नाहीस असं समजूनसुद्धा अव्वा रागावली नव्हती.

विरुपाक्ष